टाच मोकळी

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, तिसऱ्या गल्लीत आमची शेड.
पत्रा तापला की व्हर्नियरही खोटं बोलायला लागतो,
म्हणून मी मापं सकाळी आठच्या आत घेते.

ड्रॉइंग नॉर्वेहून आलं.
मयेकरांनी ते टेबलावर पसरलं, कोपऱ्यांवर चार नट ठेवले, म्हणाले,
"बर्फावरच्या फळ्यांचं काम आहे.
बूट फळीला धरून ठेवायचा. पण फक्त पुढून."
बुटाच्या नाकाला दोन्हीकडून पिना,
तळव्याखाली दोन स्प्रिंगा,
पडलाच माणूस तर आपोआप सुटणारी एक कळ,
आणि टाचेपाशी
कागद कोरा.
मी विचारलं, इथलं काढायचं राहिलंय का?
"नाही. टाच मोकळी."

त्या संध्याकाळी सड्यावरून घरी जाताना
माझी चप्पल फटक फटक वाजत होती.
रोजच वाजत असणार.
अंगठा धरलेला, टाच सुटी;
चाळीस वर्षं मी चढ चढतेय ती अशीच,
आणि कुणी कुणाला पत्र पाठवलं नाही.

अझीमने मोबाईलवर दाखवलं:
पांढऱ्या उतारावरून एक बाई खाली येते,
एक पाय पुढे, दुसरा गुडघा जवळजवळ टेकलेला,
वळणावर पाय बदलते, पुन्हा टेकते.
"अब्बा जाळं ओढताना असेच बसायचे," तो म्हणाला,
आणि फोन खिशात टाकून परत लेथवर गेला.

मग पत्र: उणे वीसमध्ये स्प्रिंग कशी वागते, कळवा.
रत्नागिरीत उणे वीस!
आम्ही मिरकरवाड्याला गेलो, बर्फाच्या कारखान्यात,
जिथे मिठाच्या पाण्याची टाकी उणे दहापर्यंत जाते.
तेवढाच आमचा उत्तर ध्रुव.
नमुन्याला बूट एकच आला होता,
डावा, चव्वेचाळीस नंबर.
अझीमने दोन मोजे चढवले, वर फडकं गुंडाळलं,
फळी बर्फाच्या चुऱ्यात रोवली
आणि सुरू झाला. टाच वर. टाच खाली.
मी वहीत पाच-पाचच्या रेघा मारत होते.
बाहेर सुरमईचे क्रेट भरत होते, बायका दरावरून भांडत होत्या,
कुणीतरी डोकावून विचारलं,
"ह्यो कंचा मासा?"

सहाशे चाळीसला टाच अडली.
स्प्रिंगेखाली चुरा साचून दगड झालेला.
अझीमने शिवी दिली, मी मान्य केली.

धाकू तिथे लाद्या फोडतो, वीस वर्षं, हातात तीच सळई.
तो वाकला, बोटाने खरवडलं, म्हणाला,
"पानी गोठताना जागा मागतं, बाय.
न्हाय दिलीस तर फोडून घेतं."
एवढं बोलून पुढची लादी ओढायला गेला.

मी ड्रॉइंगवर पेन्सिलीने
पिनेच्या मागे एक तिरकी खाच काढली,
बोटाच्या पेराएवढी, आरपार.
मयेकर रात्रभर कुरकुरले, सकाळी मिलिंगला लावलं.
दुसऱ्या खेपेला दोन हजार.
चुरा खाचेतून पडत राहिला, मीठ पडावं तसा.
अझीमचा पाय लाल झाला होता,
त्याने तो बराच वेळ उन्हात धरला.

पार्सल गेलं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात
बदल सुचवणाऱ्याच्या नावाचा एक चौकोन असतो,
त्यात मी लिहिलं: धाकू.
आडनाव त्याला विचारायचं राहून गेलं.

काल उत्तर आलं.
खाच पसंत आहे. पाचशे जोड हवेत.
धाकू हे कोणत्या संस्थेचं नाव?
आणि एक शंका,
खोक्याला वास कसला येतोय?

मयेकर म्हणतात, पॅकिंगचा लिही.
मी अजून काही लिहिलेलं नाही.